जनेल

मागच्या जूनमध्ये लिस्बनला एका म्हाताऱ्या बाईने माझ्या तोंडावर खिडकी लावून घेतली. आपटली नाही, ओरडली नाही, कपाळावर साधी आठीसुद्धा नाही. आत बटाटे सोलत बसली होती, सुरी खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली छोटी कुंडी उचलून आत घेतली आणि मग हिरव्या लाकडी झडपा एकेक करून ओढल्या. खट्ट. मग आतली कडी लावल्याचा आवाज, तो वेगळा आला. मी बाहेर, हातात फोन, चेहऱ्यावर ते टुरिस्टवालं मूर्ख हसू तसंच चिकटलेलं. नंतर कितीतरी दिवस मला खिडकी लावल्याचं एवढं काही वाटलं नाही, पण तिने आधी कुंडी आत घेतली हे फार लागलं. म्हणजे मी काय ती कुंडी पळवणार होते का?

आता मी त्या बोळात पोचले कशी, तर कशीच नाही. म्हणजे मुद्दाम गेले नव्हते. ऑफिसचं काम 12 तारखेला संपलं, बाकीची मंडळी परत गेली आणि मला तिकीट मिळालं ते मंगळवारचं. चार दिवस हातात. मला ओळखणाऱ्यांना हे वाचून हसू येईल कारण मी महाबळेश्वरला जायचं तरी एक्सेल शीट काढणारी बाई आहे, कुठल्या धाब्याला थांबायचं त्याचीपण त्यात रो असते. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर दहा दिवसात सहा देश केले होते. ‘केले’ हाच शब्द. आपण पॅरिस बघत नाही, करतो. रोम केलं, व्हेनिस केलं, जसं धुणं केलं भांडी केली. त्या ट्रिपमधलं मला आज नीट आठवतं ते म्हणजे गाईडच्या हातातली दुमडलेली केशरी छत्री आणि ती दिसेनाशी झाली की पोटात पडणारा खड्डा. बाकी सगळं फोटोत आहे, माझ्यात नाही. म्हणून ह्यावेळी ठरवलं की काहीच ठरवायचं नाही. आणि ते ठरवल्याबरोबर इतकं घाबरायला झालं की पहिल्या सकाळी मी अर्धा तास नुसती खोलीत बसून राहिले.

बायशा म्हणजे शहराचा खालचा सपाट भाग, तिथे तुम्ही हरवूच शकत नाही. रस्ते सगळे सरळ, काटकोनात, इमारती एका उंचीच्या, वहीत पट्टी घेऊन आखल्यासारखं सगळं. 1755 च्या 1 नोव्हेंबरला सकाळी भूकंप झाला, सणाचा दिवस, सगळी चर्चं माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या, मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि मग कितीतरी दिवस आग. त्यानंतर राजाच्या मुख्य मंत्र्याने, पोंबालच्या मार्किसने, हा भाग पट्टी घेऊन परत बांधून काढला, भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घातले की पुढच्या वेळेला हलतील पण पडणार नाहीत. पण त्याला लागून असलेल्या टेकडीवरचा अल्फामा खडकावर बसलेला, तो बराचसा तगला. त्यामुळे होतं काय, की तुम्ही सरळ रस्त्यावरून चालत असता, एक चढ चढता, एक कोपरा वळता आणि एकदम आखणीच संपते. बोळ दोन हातात मावेल एवढा, मधेच सात पायऱ्या, मधेच कुणाचं तरी दार, मग बोळ संपलाच म्हणावं तर उजवीकडे एक फट, त्यातून परत पायऱ्या. गुगल मॅपचा निळा ठिपका इथे वेड्यासारखा करतो. तो मला सांगत होता की मी एका घराच्या स्वयंपाकघरात उभी आहे, आणि खरं सांगायचं तर फार चुकत नव्हता.

इथे मला फार बरं वाटलं. का ते दुपारपर्यंत कळलं नाही.

मी जुन्या नाशिकची. नाशिक नव टेकांवर वसलंय असं आमच्याकडे म्हणतात, लिस्बनवाले त्यांचं शहर सात टेकड्यांवर सांगतात, म्हणजे दोन आम्हीच जास्त. लहानपणी तांबट लेन, तिवंधा, काझीची गढी ह्या भागात चालताना कुणी पत्ता विचारला तर उत्तर एकच, उताराला लागा की गंगेवर निघाल. आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही, गंगा. दुसऱ्या दिवशी मोरारिया नावाच्या शेजारच्या जुन्या वस्तीत एका बांगलादेशी माणसाच्या छोट्या दुकानात चहा प्यायले (वेलची घातलेला, उकळलेला, मी जवळजवळ रडले), त्याला विचारलं की इथून परत कसं जायचं, तर तो हिंदीत म्हणाला, नीचे जाओ, सब रास्ता नदी पे जाता है. झालं. त्यानंतर मी फोन पिशवीत टाकला तो टाकलाच. हरवायचं तर वर चढायचं, सापडायचं तर खाली उतरायचं, एवढी सोपी सिस्टिम. फक्त उतरताना जीव मुठीत. तिथे फुटपाथवर पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे छोटे छोटे तुकडे बसवून नक्षी केलेली असते, इतक्या वर्षांच्या पायांनी ती अशी गुळगुळीत झालीये की माझे महागातले वॉकिंग शूज दोनदा सटकले आणि शेजारून एक सत्तरीची बाई हिल्स घालून, दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन टकाटका उतरून गेली.

आणि वास. सांत आंतोनचा, म्हणजे लिस्बनच्या लाडक्या संताचा महिना. मोठी रात्र 12 जूनची, ती मी हॉटेलात घोरत काढली हे मला आयुष्यभर पुरेल एवढं दुःख आहे, पण महिनाभर कागदी झालरी डोक्यावर तशाच लटकत असतात आणि बोळाबोळात दारासमोर शेगडी मांडून तारल्या भाजत असतात. त्यांची सार्डिन म्हणजे आपली तारलीच. भरड मीठ लावून, आख्ख्या, पोट साफ न करता, थेट निखाऱ्यावर. धूर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो आणि कुणाला काही वाटत नाही. मी एका पावाच्या तुकड्यावर ठेवून खाल्ली, चरबी पावात मुरते, शेवटी तो पावच मासळीपेक्षा चांगला लागतो. (पाव, चावी, बटाटा, काजू ही पोर्तुगीज शब्दांची यादी आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलीये, परत देत नाही.)

घंटांचं मात्र सांगते. अल्फामात दर तासाला कुठलं ना कुठलं चर्च वाजतं, आणि सगळ्यांची घड्याळं सारखी नसावीत बहुतेक, कारण एकाचे बारा संपेपर्यंत दुसऱ्याचे सुरू होतात. पायऱ्यांवर बसून ते ऐकताना मला एकदम रामकुंडासमोरची नारोशंकराची घंटा आठवली. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आपल्याकडे आल्या, त्यातली ही एक, नाशिकच्या देवळावर टांगलेली. आमच्या घरी ती घंटा म्हणजे इतिहास नाही, शिवी आहे. ‘काय ती नारोशंकराची घंटा, हळू बोल’ हे आईने मला जितक्या वेळा म्हटलंय तितक्या वेळा नावानेपण हाक मारली नसेल. म्हणजे ज्या आवाजावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली तो मूळचा ह्यांच्याकडचा. मला त्याचा अभिमान वाटला की मिजास वाटली की थोडं चोरट्यासारखं झालं, हे अजून नीट सांगता येत नाही.

न ठरवता फिरण्यात एक गोष्ट चांगली होते, की कशाचं काय बघायचं ते तुम्हाला कुणी आधी सांगितलेलं नसतं. रविवारी ऊन फार झालं म्हणून मी रोसियो चौकाजवळच्या एका चर्चमध्ये सावलीसाठी शिरले. बाहेरून अगदी साधं. आत गेले आणि पाय थांबलेच. खांब भाजलेले. म्हणजे खरोखर, दगडाच्या ढलप्या निघालेल्या, कडा वितळल्यासारख्या, भिंती शेंदरी-लालसर, आणि त्यात बायका नेहमीसारख्या बसून माळ ओढतायत. साँव दोमिंगुश हे नाव बाहेर येऊन वाचलं. 1959 ला आत आग लागली होती, छप्पर नंतर नवं घातलं पण खांब तसेच ठेवले. त्याच्या कितीतरी आधी, 1506 ला, इथूनच ज्यूंच्या कत्तलीला सुरुवात झाली होती, समोरच्या चौकात त्याचा दगड आहे. आणि त्या दगडापासून चार पावलांवर 1840 पासूनचं एवढंसं दुकान, आत जेमतेम पाच माणसं मावतील, आंबट चेरीची दारू छोट्या ग्लासातून देतात. फळासकट हवी की फळाशिवाय एवढाच प्रश्न. लोक बिया तिथेच थुंकतात, जमीन पाकासारखी चिकट, चपला उचलताना चर्रर्र आवाज. मी एक हात त्या दगडावर आणि दुसऱ्या हातात तो ग्लास अशी उभी होते, आणि हे बरं दिसत नाही असं मनात आलं, पण आजूबाजूला सगळे तसेच उभे होते.

तोटे पण सांगायला हवेत, नाहीतर हे त्या ‘रस्त्याला शरण जा’ टाइपच्या रीलसारखं होईल. सोमवारी मी भर उन्हात पाऊण तास चालत टाइल्सच्या म्युझियमला गेले. सोमवारी बंद. जगातलं निम्मं म्युझियम सोमवारी बंद असतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे, माझ्या एक्सेल शीटला तर नक्कीच माहीत असतं. भूकंपाआधीचं लिस्बन टाइल्सवर रंगवलेलं तिथे आहे, लांबच लांब, ते राहिलं ते राहिलंच. परतताना सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्समध्ये नदीकाठचा राजवाड्याचा जुना चौक बघितला, तेवढ्यावर समाधान. नदीकाठचा बेलें हा भाग तर राहूनच गेला. वास्को द गामाची कबर, ते 1837 पासूनचं कस्टर्ड टार्टचं दुकान, सगळंच. पुण्याला आल्यावर प्रत्येकाने विचारलं, अगं बेलें नाही केलंस? नाही केलं. काहींना मी ऐटीत सांगितलं की मी तसली टुरिस्ट नाही. खरं कारण एवढंच की ट्रामला गर्दी होती आणि मला कंटाळा आला.

तर ती खिडकी. शनिवार सकाळ, दहाच्या आसपास. बोळाचं नाव मी वाचलं नाही. खिडकी माझ्या छातीच्या उंचीला, म्हणजे आतलं सगळं दिसत होतं, ऑइलक्लॉथ घातलेलं टेबल, भिंतीवर सांत आंतोन, फ्रिजवर औषधांचा डबा. वर दोरीवर दोन चादरी आणि पुरुषाची बनियनं. आणि कट्ट्यावर कुंडीत एक गोल गुबगुबीत झाड, पानं एवढी एवढी, त्यात खोचलेलं कागदी फूल. मला वाटलं तुळसच. परक्या देशात एकटं राहिल्यावर तुळस दिसली तर काय होतं ते मी सांगू शकत नाही, मी सरळ वाकले, नाक खुपसून वास घेतला. तुळशीचा चुलत वास. आणि मग दोन पावलं मागे येऊन फोन वर केला, झाड, चादरी, आत अंधारात बटाटे सोलणारे हात, फ्रेम इतकी सुरेख होती की बास. विचारलं नाही. ती आत बसलेली माणूस आहे हे दिसत होतं, पण तेव्हा ती मला फ्रेमचा भाग वाटली. पुढचं सांगितलंच.

ह्यात वाईट काय माहितीये का, मला हे सगळं दुसऱ्या बाजूने पाठ होतं. माझी मावशी पणजीला फोंतेन्यात, तिथल्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीत राहते, लग्न होऊन गेली ती तिथेच. निळं-पिवळं रंगवलेलं घर, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, तिला ती जनेल म्हणते. गेली काही वर्षं तिथे सकाळी सातपासून लोक कपडे बदलून पोज देत उभे असतात. गल्लीत घराघरांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लागल्यात, त्या पाट्यांचेही लोक फोटो काढतात. ‘जनेल उघडायची चोरी झालीये गो,’ मावशी म्हणते. एकदा मी तिथे असताना ती गाऊनवर पायरीवर आली, झाडांना पाणी घालायला, तर समोर प्रीवेडिंग शूट चाललेलं, आणि तो फोटोग्राफर तिला म्हणाला, आंटी जरा आत व्हा ना, फ्रेममध्ये येताय. स्वतःच्या पायरीवर! मी तेव्हा जी नारोशंकराची घंटा वाजवली ती मळ्याच्या पुलापर्यंत ऐकू गेली असणार. तो मुलगा बिचारा सॉरी मॅडम सॉरी मॅडम करत पळाला. ती मी, आणि अल्फामातली ही मी, एकच बाई. आमच्या नाशिकच्या घरीसुद्धा कुंभमेळ्यात अनोळखी माणसं दारात उभी राहून आत डोकवायची, आजी त्यांना पाणी द्यायची, पण ती माणसं पाणी मागायची तरी. काहीतरी मागितलं की मग नाही म्हणायला जागा असते समोरच्याला.

रविवारी संध्याकाळी गोष्ट अजून बिघडली. एका कॉफीच्या टपरीवर तीच झाडं विकायला होती, विकणाऱ्या पोराला मोडकं इंग्लिश येत होतं. मांजेरिको, तो म्हणाला, सांत आंतोनला प्रेमाच्या माणसाला देतात, सोबत फूल आणि चार ओळींची कविता. मी सवयीने वाकले तर तो जवळजवळ ओरडलाच. नाक नाही लावायचं! नाक लावलं की झाड सुकतं म्हणे. तळहात हलकेच झाडावर टेकवायचा आणि मग तळहाताचा वास घ्यायचा. त्याने करून दाखवलं. अगदी आपण आरती घेतो तसं. मी करून बघितलं, वास हातावर दोन तास राहिला, आणि ते दोन तास मी एकच विचार करत चालले की बाईंनी खिडकी लावली ती फोटोमुळे की नाकामुळे? आमच्या आजीसमोर कुणी दिवेलागणीला तुळशीची पानं ओरबाडली असती तर आजीने काय केलं असतं? म्हणून तिने आधी कुंडी उचलली असेल का? हे वाटल्यावर मला थोडं हलकं वाटलं, आणि मग हलकं वाटल्याबद्दल वाईट वाटलं, कारण मी सोयीचं कारण निवडत होते हे मला कळत होतं.

मोरारियातच एका बोळात भिंतींवर म्हाताऱ्या माणसांचे मोठे काळेपांढरे फोटो आहेत, त्याच बोळातल्या राहणाऱ्यांचे, ज्याच्या त्याच्या घराच्या आसपास. कमिला वॉटसन नावाच्या फोटोग्राफर बाईंनी काढलेले, त्यांचा स्टुडिओ तिथेच होता, म्हणजे त्या लोकांच्या शेजारीणच. उन्हापावसाने काही चेहरे पुसट झालेत. एक आजोबा कोट घालून, एक बाई कंबरेवर हात ठेवून, सगळे सरळ कॅमेऱ्यात बघणारे. मी तिथे बराच वेळ होते पण एकही फोटो काढला नाही. हा काही सद्गुण नाही, तेव्हा लाज ताजी होती एवढंच.

मंगळवारी सकाळी मी तो बोळ शोधायला निघाले. काय बोलणार होते देव जाणे, मला पोर्तुगीजमधले तीन शब्द येतात, त्यातला एक माफ करा असा आहे. तीन बोळ तसेच वाटले. चादरी सगळीकडे, हिरव्या झडपा सगळीकडे. दारांशेजारी भिंतीवर ए एल अशी दोन अक्षरांची पाटी, म्हणजे हे घर पाहुण्यांना भाड्याने मिळतं, आणि खाली आकडे फिरवून उघडायची किल्लीची डबी. एका बोळात मोजली, सात दारांपैकी चार. मी ज्या खोलीत उतरले होते तिच्यावरही तीच पाटी होती, स्वयंपाकघरात कुणाची तरी जुनी किसणी राहून गेली होती, धार गेलेली, मी ती रोज बघायचे. खिडकी काही सापडली नाही. मग मी उताराला लागले, ट्रॉली बॅग त्या दगडांवरून खडखड खडखड करत, आणि आवाज इतका मोठा की बोळातल्या प्रत्येक खिडकीला कळलं असणार की एक गेली.

फोटो डिलीट करायचा म्हणून फोन काढला होता विमानतळावर. केला नाही. दिवाळीत पणजीला गेले तेव्हा मावशीला सगळं सांगितलं, आणि तिने आता मला झाडावं ह्या तयारीने फोन तिच्या हातात दिला. जेवणं झाली होती, ती आरामखुर्चीत, चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. तोपर्यंत बाहेर कुणीतरी तिच्याच पायरीवर बसून फोटो काढून घेत होतं, हसण्याचा आवाज येत होता, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. हात बघितले, बटाट्याची सालं बघितली, मग फोटो वर सरकवून चादरींवर थांबली. खूप वेळ.

‘हिने नीळ घातलीये गो,’ ती म्हणाली. ‘पांढऱ्याला असा रंग उगाच येत नाही. तिथे नीळ मिळते अजून? कसली घालते ही?’

मी म्हटलं, विचारलं नाही.